व्हॅलिडेटर भाड्याच्या क्लाउडवर नको, घरीच चालवा

नदीकाठ:
इथेरियम या क्रिप्टो चेनचा व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासून त्यांवर सही करणारं मशीन, उभा करायचा म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो क्लाउडवर सर्व्हर घेण्याचा. तासाभरात उबुंटू चढतं, इथेरियमची गेथ आणि लाइटहाउस ही सॉफ्टवेअर सुरू होतात, चेन सिंक व्हायला, म्हणजे तिची प्रत उतरायला लागते. सोय आहे, नाकारत नाही. तरी हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग सोडलं आणि चेन राखण्याचं काम ३२ इथर (तिथलं चलन) तारण म्हणून अडकवणाऱ्या व्हॅलिडेटरांकडे आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोलाना या दुसऱ्या चेनवर काय झालं ते आठवा. हेट्झनर या जर्मन कंपनीच्या नियमांत क्रिप्टोच्या कामाला मनाई होतीच. लोक तरीही स्वस्त म्हणून तिथेच जात होते. कंपनीने एक दिवस हे सर्व्हर बंद केले. सुमारे हजार व्हॅलिडेटर आणि एकूण स्टेकचा, म्हणजे अडकवलेल्या पैशांचा, जवळपास पाचवा हिस्सा एका झटक्यात गेला. चेन चालू राहिली, कारण ती अडायला एक तृतीयांशाहून जास्त स्टेक जावा लागतो. पण पाचव्या हिश्श्याची किल्ली एका कंपनीच्या खिशात होती, हे तर उघडं पडलंच ना! कुणा एकाच्या हाती काही राहू नये म्हणून आपण पैसे अडकवायचे आणि मशीन मात्र त्या एकाच्याच गोठ्यात बांधायचं, हे मला पटत नाही.

विजेचा खांब:
तुमचं म्हणणं तत्त्व म्हणून पटतं. पण मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आठवड्यातून एकदा देखभालीसाठी वीज जाते ती चार-पाच तास. वळवाच्या पावसात कधी येईल याचा नेम नाही. मागच्या वर्षी रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तीन दिवस नेट नव्हतं. आणि आमच्याकडच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, म्हणजे राउटरवर गेथ-लाइटहाउसची ३०३०३ आणि ९००० पोर्ट उघडूनही बाहेरचा कुणी आत येऊ शकत नाही.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं मशीन यातल्या कशानेही पडत नाही. क्लाउड नसतं तर मी व्हॅलिडेटर झालोच नसतो. माझ्यासारखे गळाले तर उरतील क्रिप्टो विकणारी मोठी एक्सचेंज. त्याने काय विकेंद्रीकरण साधणार?

नदीकाठ:
वीज जाण्याची भीती लोकांना फार जास्त वाटते, म्हणून हिशोब मांडतो. व्हॅलिडेटर बंद असेल तेवढ्या वेळाची कमाई बुडते आणि वर दंड बसतो, तोही त्या कमाईहून किंचित कमीच. म्हणजे आठवड्यातले पाच तास गेले तर साधारण दहा तासांची कमाई गेली. १६८ तासांतले दहा. मुद्दलाला ओरखडाही नाही. तीन दिवसांचा खड्डा पुढच्या तीन दिवसांत भरून निघतो.

हे खरं, पण तुम्ही एकटे पडलात तरच. एक तृतीयांशाहून जास्त स्टेक एकदम बंद पडला तर फायनॅलिटी, म्हणजे व्यवहार कायमचे पक्के होणं, थांबते, चार इपॉकनंतर (एक इपॉक साधारण साडेसहा मिनिटांचा) लीक, म्हणजे बंद असलेल्यांच्या मुद्दलाची गळती, सुरू होते आणि दंड वेळेबरोबर चढत जातो. गावातली वीज गेली तर तुम्ही एकटे पडता. क्लाउडचा सगळा विभाग गेला तर हजारो जण बरोबर पडतात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनचं उत्तर व्हर्जिनियातलं केंद्र अडखळलं तेव्हा जगभरातल्या किती सेवा एकदम बसल्या ते सगळ्यांनी पाहिलं.

पब्लिक आयपी नसला तरी नोड, म्हणजे चेनला जोडलेलं तुमचं मशीन, स्वतःहून बाहेर जोडण्या करतो. पीअर (जोडले जाणारे दुसरे नोड) कमी मिळतात, काम चालतं.

हिशेबनीस:
पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून मध्येच येतो. क्लाउडवर सीपीयूपेक्षा २ टीबीची जलद डिस्क आणि बाहेर जाणारा डेटा महाग पडतो, तेही दर महिन्याला. आणि १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यातून खरेदी किमतीशिवाय काहीच वजा होत नाही. सर्व्हरचं बिलही नाही. घरचा मिनी पीसी छताच्या पंख्याहून कमी वीज खातो.

जुना दोर:
मी दोन वर्षं क्लाउडवर होतो, आता घरी आहे. ज्या कारणाने हललो ते वर कुणी लिहिलेलं नाही.

डिस्क भरत आली म्हणून मी सर्व्हरचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) घेतला आणि त्यावरून मोठं मशीन उभं केलं. जुनं अजून चालूच होतं. स्नॅपशॉटमध्ये व्हॅलिडेटरच्या चाव्याही (ज्यांनी तो सही करतो ते गुप्त कोड) गेल्या होत्या आणि सर्व्हिस आपोआप सुरू होणारी होती. म्हणजे एकाच चावीने दोन मशीन सही करणार. चेनच्या दृष्टीने ही लबाडी, चूक नव्हे. त्याला स्लॅशिंग, म्हणजे मुद्दल कापण्याची शिक्षा, होते. व्हॅलिडेटर कायमचा बाहेर, आणि त्याच सुमारास जितके जास्त लोक स्लॅश झाले असतील तितका दंड मोठा. लाइटहाउसचं डॉपलगँगर संरक्षण चालू ठेवलं होतं म्हणून नवं मशीन दोन-तीन इपॉक नुसतं बघत बसलं, आपल्याच चावीच्या सह्या त्याला दिसल्या आणि ते बंद पडलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

क्लाउडची जी सोय तुम्हाला आवडते, एका बटणात मशीनची प्रत, तीच इथे जिवावर येते. जुना स्नॅपशॉट परत आणला तर सह्यांची नोंदही जुनी येते आणि मशीन आधीच्या सहीविरुद्ध पुन्हा सही करू शकतं, तेही तितकंच वाईट. घरी मशीन एकच. वीज गेली तर गेली.

विजेचा खांब:
हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे दर रविवारी आपोआप स्नॅपशॉट निघतो, आत्ताच बंद केला. मोठ्या कंपनीवरून पुण्यातल्या लहान डेटा सेंटरवर जायचंही ठरवतोय. घरी मात्र आणणार नाही. आमच्याकडे इन्व्हर्टरही चार तासांत मान टाकतो, आणि तुमचा हिशोब बरोबर असला तरी माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. हलवताना क्रम काय ठेवू?

जुना दोर:
आधी जुनी व्हॅलिडेटर सर्व्हिस बंद आणि डिसेबल करा. सह्यांच्या नोंदीची फाइल तिथून एक्सपोर्ट करा, जुन्या मशीनवरच्या चाव्या पुसा. मग किमान तीन इपॉक, म्हणजे वीस मिनिटं थांबा, आणि एक्सप्लोररवर (चेन दाखवणाऱ्या वेबसाइटवर) तुमची ॲटेस्टेशन, म्हणजे व्हॅलिडेटरच्या सह्या, चुकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यानंतर नव्या मशीनवर नोंद आणि चाव्या घाला. आधी हूडी या टेस्टनेटवर (सरावाच्या चेनवर) एकदा सगळं करून बघा, तिथलं इथर फुकटचं आहे.

नदीकाठ:
आणि चाव्या बनवताना मिळालेले २४ गुप्त शब्द कुठल्याच सर्व्हरवर टाइप करू नका, पुण्यातल्याही नाही. पैसे काढायची चावीही त्यातून निघते. सही करायची चावी चोरीला गेली तर चोर तुम्हाला स्लॅश करेल, पण पैसे काढायचा पत्ता आधीच बांधून ठेवला नसेल आणि ते शब्द गेले, तर मुद्दलच जाऊ शकतं.