'वर्ग दावा' की आणखी काही?

भाषांतरवाली
अमेरिकेतल्या एका जुन्या मोबाइल खटल्यावरचा लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. २९ जून २००७ ला आयफोन आला, तो फक्त एटी अँड टी या मोबाइल कंपनीवर चालणारा. गिऱ्हाइकाचा करार दोन वर्षांचा. पण वादींचं म्हणणं असं, की ॲपल आणि एटी अँड टीने आपसात पाच वर्षांचं ठरवून टाकलं होतं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागू दिला नव्हता. म्हणजे करार संपला तरी तोच फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जायची सोय नाही. मग काही जणांनी कॅलिफोर्नियात सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने दावा लावला. हीच ती क्लास ॲक्शन. मी 'वर्ग दावा' लिहिलं. मुद्रितशोधकांचा फोन आला: "दावा कुठल्या कोर्टात वर्ग झाला, ते लिहायचं राहिलंय." सुचवा काहीतरी.

दत्तूकाका
त्यांचं काय चुकलं? कचेरीत रक्कम वर्ग होते, प्रकरण वर्ग होतं. मी दिवाणी कोर्टात नोकरी केली, तिथे याला 'प्रातिनिधिक दावा' म्हणत. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश १ नियम ८. एकाने सगळ्यांसाठी दावा करायचा तर कोर्टाची परवानगी लागते, बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. माणसं फार असली की पेपरात जाहीर नोटीस. ग्राहक संरक्षण कायद्यातही कलम ३५ मध्ये अशी सोय आहे.

निगडीकर
'सामूहिक दावा' म्हणा की सरळ. रिक्षावाल्यालाही कळेल.

भाषांतरवाली
सामूहिक म्हटलं की सगळ्यांनी बसून सह्या केल्यासारखं वाटतं. इथे बहुतेकांना आपण दाव्यात आहोत याची खबरही नसते. नको असेल त्याने 'मला वगळा' म्हणून कळवायचं. आणि काका, 'प्रातिनिधिक' म्हटलं की मला प्रातिनिधिक कथा आठवतात.

शुद्धमराठी
मुळात 'दावा' अरबी. 'समष्टी-अभियोग' लिहा. आणि मोबाइल नव्हे, भ्रमणध्वनी. सावरकरांनी 'महापौर' दिला, आज कुणाला खटकतो का?

दत्तूकाका
अभियोग फौजदारीत असतो. ॲपलला काय येरवड्याला धाडायचंय?

खमंग_काकडी
दावा अरबी कसा? अस्सल मराठी आहे. गुरं बांधायचं दावं, तोच हा. वादी-प्रतिवादी एकाच दाव्याला बांधलेले, म्हणून दावा!

भाषांतरवाली
ते दावं संस्कृत 'दामन्'वरून आलं. कोर्टातला दावा वेगळा.

खमंग_काकडी
असेल. पण एकाच कंपनीला बांधलेल्या 'लॉक्ड फोन'ला 'दावणीचा फोन' म्हणा, ही माझी सूचना कुणी चोरू नये.

गण्या_रत्नांग्री
दावणीचा फोन आमच्या घरात होता. सीडीएमएवाला, सिमच नाही, नंबर आतच. मामाने ऐटीत आणला. खळ्यात रेंज नाही, म्हणून माडावर चढलेल्या गड्याच्या हातात फोन देऊन "वर आवाज येतो काय बघ" म्हणून ओरडायचा. पुढे २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली, पण तोवर मामाच्या फोनची बटणं भाच्यांनी उपटली होती.

भाषांतरवाली
गण्या 😄 पण दुसरी अडचण ऐका. काही गिऱ्हाइकांनी परस्पर लॉक तोडलं, तर सप्टेंबर २००७ च्या अपडेटनंतर त्यांतले कित्येक फोन पार बंद पडले. याला इंग्रजीत फोनची 'वीट' होणं म्हणतात.

निगडीकर
आणि मराठीत गिऱ्हाइकाला वीट येणं.

गण्या_रत्नांग्री
डबडं झालं. संपला विषय.

शुद्धमराठी
'निष्प्राण'. डबडं काय, दिवाळी अंक आहे ना?

निगडीकर
लोकांच्या तोंडी डबडंच आहे. निष्प्राण फोनला खांदा कोण देणार?

दत्तूकाका
त्या दाव्याचा निकाल काय लागला, ते कुणी विचारेल का?

भाषांतरवाली
जुलै २०१० मध्ये कोर्टाने तो सगळ्यांच्या वतीने चालवायला मान्यता दिली होती. मग एप्रिल २०११ मध्ये दुसऱ्याच प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ५ विरुद्ध ४. ती तक्रार 'फुकट' म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर घेतल्याची. करारात 'ज्याने त्याने एकट्याने लवादाकडे (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याकडे) जावं' असं कलम असेल तर ते चालेल, असं ठरलं. त्याचाच आधार घेऊन वर्षअखेरीस आयफोनवाल्यांनाही लवादाकडे धाडलं. ३० डॉलरसाठी एकटा कोण झगडत बसणार? कंपन्यांना हेच हवं असतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत आयफोन व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीकडेही मिळायला लागला होता, आणि २०१४ मध्ये लॉक काढायची मुभा कायद्यानेच दिली.

दत्तूकाका
'लवादाकडे' बरोबर. लवाद हा माणूस. 'लवाद झाला', 'लवाद केला' असं पेपरवाले लिहितात, ते चूक.

निगडीकर
काका, आमच्या सोसायटीच्या भांडणात तिघे बसले होते, त्या तिघांना मिळून लवादच म्हणायचे.

शुद्धमराठी
तिघे असतील तर 'लवाद मंडळ'.

खमंग_काकडी
लवाद म्हणजे जो दोन्हीकडे लवतो तो. लव + वाद. आता यावर वाद नको.

दत्तूकाका
वाद आहे. लवतो तो लवाद कसला?

गण्या_रत्नांग्री
'डबडं'ला माझ्याखेरीज कोण आहे? हात वर करा.