नेप्यिडॉ विसरलात की!

दिल्लीसारखी केंद्रशासित राजधानी दुसरीकडे कुठे नसेल, असं काही जण म्हणतात. ते काही पटलं नाही. म्यानमारची राजधानी नेप्यिडॉ बघा. २००५ मध्ये लष्करी राजवटीने यांगोनहून कारभार तिकडे हलवला आणि २००८च्या घटनेने ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत टाकलं. दिल्लीला ६९व्या घटनादुरुस्तीने (१९९१) निदान विधानसभा तरी मिळाली. पोलीस, जमीन, सुव्यवस्था केंद्राकडे राहिली ते सोडा. नेप्यिडॉला तेवढंही नाही, नेमलेली परिषद कारभार बघते.

आम्हा रत्नागिरीकरांना ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, राजधानीचं वेगळंच अप्रूप. १८८५ मध्ये इंग्रजांनी तेव्हाची राजधानी मंडाले घेतली, तिथल्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी आणून ठेवलं ते आमच्या गावात. मंडालेचं राजधानीपण तिथेच संपलं, सत्ता रंगूनला (आजच्या यांगोनला) गेली. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. पाहुणे आले की थिबा पॅलेस दाखवायचं काम घरात माझ्याकडेच. 'एवढा मोठा वाडा कैद्याला?' हा प्रश्न ठरलेला. पण तो बांधून झाला १९१०च्या सुमारास, तोवर राजाची वीसेक वर्षं इथल्या भाड्याच्या बंगल्यांतच गेली होती, हे कुणाला ठाऊक नसतं.