पहिला एक्सबॉक्स : मोठी हार्ड डिस्क टाकायचीये, पण आधी आतला आजीचा आवाज वाचवायचाय (इंदूर)

रामबागची :
नमस्कार मंडळी, जरा लांबेल पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडे पहिला एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला लावायचा गेमचा डबा) आहे, अमेरिकेत 2001 ला आला होता तोच, काळा जडशीळ डबा. मामांनी 2003 ला न्यू जर्सीहून आणलेला, सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, कारण तिकडचा पीस 110 व्होल्टवाला, आपल्या सॉकेटात थेट लावला की संपलाच. बरीच वर्षं माळ्यावर होता. दिवाळीत दादा मुलांना घेऊन येतोय आणि त्यांना "बाबाचा गेम" खेळायचाय, म्हणून मी खाली काढला. डीव्हीडीचा ट्रे अडकतो, तर म्हटलं 8 जीबीच्या डिस्कऐवजी 1 टीबीची टाकू, सगळे गेम त्यावरच ठेवू, वेगही वाढेल.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बाबांनी तिच्या कॅसेटची सीडी करून घेतली होती आणि दादाने 2005 मध्ये ती सीडी एक्सबॉक्समध्ये कॉपी केली, त्यात ऑडिओ सीडी साठवायची सोय होती ना. कॅसेटला बुरशी लागली, सीडी कुठल्यातरी पावसाळ्यात गेली, आजीही 2009 मध्ये गेली. परवा डबा चालू केला, म्युझिकमध्ये गेले तर "साउंडट्रॅक 3" म्हणून चौदा गाणी दिसली. पहिलं लावलं. मध्येच खोकला येतो आणि ती म्हणते "थांब रे, पाणी दे आधी". आई स्वयंपाकघरातून पोळी तव्यावर तशीच सोडून धावत आली.

तेव्हापासून डिस्कमधून कट्-कट् आवाज यायला लागलाय. घाबरून मी डबा उघडला (खालच्या रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली मिळून सहा स्क्रू असतात, टॉर्क्स 20 म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो) आणि डिस्क घेऊन जेल रोडला एका दुकानात गेले. त्यांनी यूएसबी अ‍ॅडॅप्टरने लावली, कॉम्प्युटरला डिस्कचं नाव दिसलं, साइज दिसली, पण वाचता काहीच येईना. वरून इनिशियलाइज करू का असा मेसेज. भैया म्हणाले डिस्क गेली, फॉरमॅट मारून बघतो. मी हातातून ओढूनच घेतली.

डिस्क खरंच गेलीये का? मग डब्यात कशी चालते? आणि नवीन टाकायची तर एसएसडी घेऊ की साधी?

जुना_सोल्डर, ग्वाल्हेर :
ताई, ओढून घेतलीत ते फार बरं केलंत. डिस्क गेलेली नाही, कुलूपबंद आहे. या एक्सबॉक्सच्या प्रत्येक डिस्कवर एटीए पासवर्ड (डिस्कमध्येच असलेलं कुलूप) असतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम नावाच्या छोट्या चिपमध्ये. डबा चालू होताना स्वतःच कुलूप उघडतो, बाहेर कुठेही लावली की बंद. शिवाय आतली फाइलींची मांडणी एक्सबॉक्सची स्वतःची, फॅटएक्स नावाची, ती विंडोजला कळतच नाही. फॉरमॅट तर कुणालाच करू देऊ नका.

आता डिस्क परत डब्यात बसवा आणि उगाच चालू-बंद करू नका, काम एका बैठकीत उरकायचं. आधी सॉफ्टमॉड, म्हणजे चिप न बसवता नुसत्या सॉफ्टवेअरने डबा आपल्या प्रोग्रामसाठी मोकळा करणं. पूर्वी त्याला ठरावीक गेमची ओरिजिनल डिस्क लागायची, आता 2024 ला आलेली एंडगेम नावाची पद्धत आहे, त्यात फक्त मेमरी कार्ड लागतं, तुमचा ट्रे अडकतो त्यामुळे हीच बरी. कंट्रोलरचं पोर्ट मुळात यूएसबीच आहे, नुसता आकार वेगळा, वायर मिळते, जुना 1-2 जीबीचा पेनड्राइव्ह त्यावर मेमरी कार्ड म्हणून चालतो. आत शिरलात की सगळ्यात आधी ईईप्रॉमचा बॅकअप, ती फाइल चार ठिकाणी ठेवा, हीच किल्ली. मग लॅनची वायर लावून एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली कॉपी करायची पद्धत) डिस्कचा ई ड्राइव्ह नावाचा भाग कॉम्प्युटरवर पूर्ण उतरवा. आजीची गाणी टीडेटा फोल्डरमध्ये fffe0000 च्या म्युझिकमध्ये असणार, डब्ल्यूएमए फाइली. नावं नसतील, नुसते आकडे.

रामबागची :
दादा, fffe0000 कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. नवीन डिस्कचं पण सांगाल?

वडोदऱ्याहून_वायर :
त्याचं मी सांगतो, माझा असाच केलाय. सॅटा टू आयडीई अ‍ॅडॅप्टर लागेल (नवी सॅटा डिस्क डब्यातल्या जुन्या आयडीई जोडणीला लावायला), त्यावरची जंपर नावाची छोटी पिन मास्टरवर ठेवायची. सॉफ्टमॉडवर नवीन डिस्कलाही त्याच किल्लीने लॉक करावं लागतं, म्हणून लॉकची कमांड पुढे पाठवणाराच अ‍ॅडॅप्टर बघा, स्वस्तातले काही पाठवत नाहीत आणि मग माणूस दिवसभर डिस्कला दोष देत बसतो. आतली रिबन केबल 40 तारांची असते, सेकंदाला 33 एमबीच्या वर जातच नाही, 80 तारांची टाका. एसएसडीचा पूर्ण वेग या डब्यात कधीच मिळणार नाही आणि ट्रिम (एसएसडीची रिकामी जागा साफ ठेवायची सोय) पण नाही, तरी आवाज-उष्णता कमी हवी तर घ्या. गेमला 1 टीबीची साधी भरपूर. 512 जीबीपेक्षा मोठं पार्टिशन केलंत तर क्लस्टर (डिस्कवर जागा वाटायचा तुकडा) 64 के ठेवा, नाहीतर डेटा एकमेकांवर लिहिला जाऊन खराब होतो.

आणि डबा उघडलाच आहे तर घड्याळाचा कपॅसिटर काढा, प्लीज. तो गळतो आणि बोर्डवरच्या बारीक तारा खातो. तुमचा 2003 चा म्हणजे गळणाऱ्यांपैकीच. काढल्यावर प्लग ओढला की वेळ पुन्हा सेट करावी लागेल, एवढंच.

रामबागची :
अपडेट देते. रविवारी सकाळी बसलो, मी आणि शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा. तिसऱ्या पेनड्राइव्हवर जमलं, पहिले दोन डब्याने ओळखलेच नाहीत. ईईप्रॉमची फाइल घेतली, दादाला मेल केली, मामांना पण. मग ई ड्राइव्ह उतरवायला घेतला, मध्ये दोनदा कट्-कट् होऊन अडकला तेव्हा आईने देवापाशी दिवाच लावला. चौदापैकी तेरा फाइली आल्या, चौदावी अर्ध्यात तुटते. पहिल्या गाण्यातला तो खोकलावाला भाग मात्र आलाय, पूर्ण आहे.

कपॅसिटर काढला, खाली तपकिरी चिकट होतं, स्पिरिटने पुसलं, तारा शाबूत दिसतायत. जुनी डिस्क आता चालवत नाहीये, कापडात गुंडाळून ठेवलीये.

आता विचारायचं ते चौदाव्या फाइलचं. कॉपी तिथेच थांबते, पण खराब जागा वगळून पुढचं वाचायचं असेल तर ईईप्रॉमच्या किल्लीने डिस्क कॉम्प्युटरवर अनलॉक करून तिची इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) काढता येते का? लिनक्सवर कुणी केलंय? इंदूरमध्ये कुणी असेल तर मी डिस्क घेऊन येते, पण माझ्यासमोरच करायचं.