मूडलवरचे गोपनीय प्रशिक्षण व्हिडिओ बाहेर जाऊ नयेत म्हणून काय करावं?

कळफलक
रंगाच्या कारखान्यातल्या ऑपरेटरांसाठी ४० व्हिडिओ आहेत, थेट एमपी४ फाइल म्हणून मूडलवर (आमची ऑनलाइन प्रशिक्षणाची प्रणाली) चढवलेले. कंत्राटी धरून २०० जण पाहतात. राइट-क्लिक बंद आहे आणि पीडीएफवर कॉपी-प्रिंट बंदीचा पासवर्ड आहे. एवढ्यावर भागेल का?

सळसळ
नाही. क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि व्हिडिओ सुरू करा. फाइलचा पत्ता समोर येतो, तो नव्या टॅबमध्ये टाकला की झालं डाउनलोड. मूडल लॉगिन तपासतं, पण नेणारा माणूस आत आलेलाच असतो ना!

त्यापुढची पायरी एचएलएस, म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची पद्धत: ६-६ सेकंदांचे तुकडे, एईएस-१२८ या सांकेतिकीकरणाने कुलूपबंद. इथे हमखास एक चूक होते. किल्लीचा पत्ता प्लेलिस्टमध्येच (तुकड्यांच्या यादीत) लिहिलेला असतो, आणि ती किल्ली कुणालाही मिळत असेल तर एफएफएमपेग हे मोफत व्हिडिओ-सॉफ्टवेअर एका कमांडमध्ये सगळे तुकडे उघडून जोडून देतं. किल्ली टोकन (तात्पुरता प्रवेश-परवाना) तपासूनच द्या, टोकन ५ मिनिटांत बाद करा.

तरीही लॉगिन असलेल्याला किल्ली मिळतेच. ते अडवायला डीआरएम, म्हणजे किल्ली पाहणाऱ्याच्या हाती न देणारं संरक्षण लागतं: क्रोम-अँड्रॉइडला वाइडवाइन, ॲपलला फेअरप्ले. वाइडवाइनच्या सर्वात कडक पातळीत, एल१मध्ये, उलगडा फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागात होतो. विंडोजवरच्या क्रोमला बहुधा सर्वात सैल पातळी, एल३, मिळते आणि तिथे स्क्रीन रेकॉर्डरचं बरेचदा फावतं. म्हणून नाजूक व्हिडिओ फक्त मोबाइल ॲपवर ठेवा. अँड्रॉइड ॲपमध्ये फ्लॅग-सिक्युअर ही स्क्रीन टिपण्यावर बंदी घालणारी सेटिंग लावली की रेकॉर्डिंग काळं येतं.

ओलीसुकी
आणि समोर दुसरा फोन धरून शूटिंग केलं तर? त्याला डीआरएमकडे उत्तर नाही, वॉटरमार्ककडे, म्हणजे चित्रावरच्या ओळखखुणेकडे आहे. पाहणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक पडद्यावर फिरता ठेवा, दर २०-३० सेकंदांनी जागा बदलणारा. कोपऱ्यात ठेवलात तर कापून टाकतात. ब्राउझरमध्ये वर चिकटवलेला थर त्याच एफ१२मधून पुसता येतो. सर्व्हरवर चित्रातच भाजलेला क्रमांक तसा जात नाही.

पीडीएफवरची कॉपी-प्रिंट बंदी ही वाचकाच्या सॉफ्टवेअरला केलेली विनंती आहे, क्यूपीडीएफ हे मोफत सॉफ्टवेअर ती क्षणात काढतं. डाउनलोड होताना प्रत्येक पानावर नाव-क्रमांक छापून द्या.

कळफलक
२०० जणांसाठी २०० वेगळ्या फाइली करायच्या?

ओलीसुकी
नको. प्रत्येक तुकड्याच्या फक्त दोन आवृत्त्या करायच्या, अ आणि ब, डोळ्याला न कळणाऱ्या फरकाच्या. प्रत्येकाला अ-ब-ब-अ असा वेगळा क्रम जातो. १० मिनिटांत १०० तुकडे होतात. फुटलेल्या चित्रफितीतून क्रम वाचला की माणूस सापडतो. जागा दुप्पट लागते, दोनशेपट नाही.

पाणवठा
आधी हे बघा: रेसिपीतली प्रमाणं आणि तापमानं व्हिडिओत असायलाच हवीत का? ती काढून शॉपफ्लोअरवरच्या बॅच कार्डावर ठेवा. व्हिडिओत फक्त हाताचं काम. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का उपाय हाच आहे.

मूडलमध्ये एका खात्याला एकच चालू लॉगिन ठेवा, आणि कंत्राट संपेल त्याच तारखेला खातं आपोआप बंद करा. हे फार राहून जातं.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे गोपनीयतेचा करार कंत्राटदाराशी आणि कामगाराशी वेगवेगळा हवा. व्हिडिओ दुसऱ्या साइटवर दिसला तर कॉपीराइट नियम २०१३मधल्या नियम ७५खाली लेखी नोटीस द्या: मालकीचा पुरावा, नेमका पत्ता, आणि दावा दाखल करण्याची हमी. साइटने ३६ तासांत तो अडवायचा असतो. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नेला नाही तर त्यांना तो पुन्हा खुला करता येतो, म्हणून वकील नोटिशीच्या आधीच गाठा.