अनुभव धागा: पडलेल्या उमेदवाराचा प्रचार केलाय का कुणी?

पारावरचा_निवांत
जानेवारीत महापालिकांचे निकाल लागले तेव्हा ऑफिसातून येताना एका मिरवणुकीत अडकलो. काचेवर मूठभर गुलाल येऊन पडला आणि मला एकदम आमची २०२१ ची ग्रामपंचायत निवडणूक आठवली. १५ जानेवारीला मतदान, १८ ला तहसीलला मोजणी. आमचं पॅनेल येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं म्हणून आम्ही आदल्या रात्रीच गुलालाची दोन पोती आणून ठेवलेली. मोजणीच्या हॉलमध्ये जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टेबलं. पहिला वॉर्ड गेला, दुसरा गेला, तिसऱ्यात आमचे प्रमुख ४ मतांनी पडले. फेरमोजणी मागितली. परत ४.

बाहेर आलो तर समोरच्या पॅनेलची पोरं टेम्पोजवळ उभी. म्हणाली, दादा आमचा गुलाल संपला, तुमचा शिल्लक असेल ना? दुकानदार परत घेत नव्हता. दिला. पैसे रोख घेतले, आणि संध्याकाळी तोच गुलाल माझ्या घराच्या ओट्यावर उधळून गेले.

जिंकलेल्यांचे किस्से सगळे सांगतात. पडलेल्यांच्या मागे फिरलेल्यांनी लिहा. पक्षाची नावं नकोत, भांडणं होतात.

मिरचीचा_ठेचा
रोख घेतले हे बरं केलंत 😂

सदाशिव_नसलेली_पुणेकर
२०१७, पुणे, चारचा प्रभाग, म्हणजे एकाच प्रभागातून चार नगरसेवक, प्रत्येकाला चार मतं. आमची मावशी क गटात होती. मशीनवरच्या मतपत्रिका अ पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. मी आणि बहीण पुठ्ठ्याचं खोटं मशीन घेऊन सोसायट्या पालथ्या घालायचो. एक आजी रोज विचारायच्या, "मला एकालाच द्यायचंय, बाकीची तीन का दाबू?" त्यांना सांगायचं, आजी चारही दाबल्याशिवाय बीप वाजत नाही, नकोच असेल कुणी तर नोटा दाबा. पण "नोटा दाबा" असं उमेदवाराच्या माणसांनी कसं सांगायचं? मग आम्ही म्हणायचो, चारही आपलेच समजा.

आपले वगैरे काही नव्हते. पॅनेलमधले जे वजनदार होते त्यांची माणसं हळूच सांगत फिरत होती, "साहेबांचं तेवढं नक्की दाबा, बाकी तुमच्या मनानं." साहेब आले, मावशी पडली. एकाच पत्रकावर चौघांचे फोटो, खर्च चौघांत सारखा. तेव्हापासून आमच्या घरात कुणी गोड बोललं की "पॅनेलसारखा वागू नको" म्हणतात.

गोदाकाठचा
आमचं बी पॅनेल पडलं २०२१ ला. ९ पैकी ६ त्यांचे, ३ आमचे. त्यांनी डीजे लावला, जेवणावळ घातली. पण त्या वर्षी सरपंचाच्या आरक्षणाची सोडत मतदान झाल्यावर निघाली होती ना. सोडत निघाली, अनुसूचित जमाती महिला. त्या प्रवर्गातली निवडून आलेली बाई एकच, आणि ती आमची. बहुमत त्यांचं, सरपंच आमचा. उपसरपंचपदावर त्यांना समाधान मानावं लागलं. डीजेवाल्याचं बिल मात्र त्यांनाच बसलं.

पारावरचा_निवांत
@गोदाकाठचा हे धाग्याच्या नियमात बसत नाही, तुम्ही जिंकलात

गोदाकाठचा
पुढं पाच वर्षं एकबी ठराव धड पास होऊ दिला नाही त्यांनी. बसतंय नियमात.

खडू_फळा
मी शिक्षक, त्यामुळे प्रचार नाही, ड्युटी. पण पडणारा कोण हे मला दुपारीच कळतं. खोलीत दोन्ही बाजूंचे एजंट यादी घेऊन बसतात, मतदार आला की नावावर टिक. सकाळी दोघं जोरात. तीनच्या सुमाराला एकजण टिक करायचं थांबतो. पेन यादीत ठेवून यादी मिटतो आणि आम्हाला विचारतो, सर चहा सांगू का. आम्ही त्यांचा चहा घ्यायचा नसतो, पण त्या माणसाला नाही म्हणवत नाही. असो, परत ड्युटी लागलीच आहे.

छापखाना
परिचयपत्रकं, पोलचिट, डमी मतपत्रिका, सगळं आम्ही छापतो. खाली मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या टाकावी लागते, त्यामुळे पुरावाही आपल्याच विरुद्ध. पडलेल्या उमेदवाराकडे उरलेले पैसे मागायला जाणं म्हणजे सुतकात उधारी मागणं. दारात त्याची आई दिसली की आपणच पाणी पिऊन परत. निवडून आलेलाही देत नाही म्हणा, पण तो निदान "पुढच्या कामात बघू" म्हणतो.

मिरचीचा_ठेचा
आणि ते पुढचं काम कुठलं असतं?

छापखाना
वाढदिवसाचे फ्लेक्स. तेही उधार.

सून_नंबर_दोन
कुकर लावलाय, तोवर लिहिते. महिला राखीव पडलं म्हणून सासूबाईंना उभं केलं होतं. सासऱ्यांना वाटलं नावाला त्या, फिरणार आपण. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मतदार यादी मागून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसल्या. घरोघरी जाऊन आल्या की खुणा. बरोबर म्हणजे नक्की, टिंब म्हणजे गोड बोलले, फुली म्हणजे दार अर्धंच उघडलं. मतदानाच्या आदल्या रात्री फक्त "बरोबर"ची बेरीज केली, ३१२.

मिळाली २४१.

त्यानंतर कित्येक दिवस दुपारची भांडी झाली की यादी काढून बसायच्या. ७१ माणसं शोधायची होती त्यांना. "हा बोलताना माझ्याकडं बघत नव्हता." "हिनं दोनदा चहा विचारला, एवढं कुणी विचारतं का." मी म्हटलं, आई जाऊ द्या ना आता. तर म्हणाल्या, "कशी जाऊ देऊ? हिच्या पोरीच्या लग्नात मी पुरणपोळ्या लाटल्यात, पहाटे तीनला उठून."

सर्वात वाईट म्हणजे मतं वॉर्डनिहाय कळतात, आणि आमच्या गल्लीचा वॉर्ड केवढासा! नणंदेच्या सासरची सहा मतं कुठे गेली हे न सांगताच सगळ्यांना कळलं. त्या संक्रांतीला त्यांच्याकडून वाण आलं नाही. पुढच्या वर्षी आलं, स्टीलचा डबा. सासूबाईंनी डबा घेतला, तिळगूळ दिला, आणि त्या गेल्यावर मला म्हणाल्या, टिंब.

शिट्टी झाली, पळते.

चाळीतला_चार्ली
टिंब 😂😂 आमच्या घरात आजपासून वापरणार

सदाशिव_नसलेली_पुणेकर
@सून_नंबर_दोन परत उभ्या राहणार का त्या?

वऱ्हाडी_ठोकळा
आमच्याकडे नगरपरिषद होती. मतदान २ डिसेंबरला, मोजणी दुसऱ्या दिवशी. ऐनवेळी कोर्टाचा आदेश आला, सगळीकडची मोजणी एकदमच, २१ डिसेंबरला. म्हणजे आमचा भाऊ अडीच आठवडे नगरसेवक होता! रोज नवीन आकडेमोड. पोरं आळीपाळीनं स्ट्राँगरूमबाहेर शेकोटी पेटवून बसली, मशीन कोणी हलवू नये म्हणून. भाऊनं त्या दिवसांत दोन नाल्यांची पाहणी केली, एका लग्नात नगरसेवक म्हणून सत्कारही घेतला. २१ ला तिसरा नंबर. शाल परत मागायला कोणी आलं नाही एवढं नशीब.

चाळीतला_चार्ली
तिसरा म्हणजे दुःख कमी. समसमान झाल्यावर काय होतं बघा. २०१७ ला मुंबईत २२० वॉर्डात दोघांना सारखी मतं पडली, मोजून मोजून सारखीच, शेवटी चिठ्ठी. मी त्या वॉर्डातला नाही, पण चिठ्ठीत पडलेल्यासाठी राबलेल्या पोरांना किती दिवस झोप आली नसेल.

पारावरचा_निवांत
४ मतांना पण येत नाही. आमचा एक चुलतभाऊ त्या दिवशी पुण्याहून निघालाच नाही, बायको-मुलगा-सून धरून चार मतं. गाडीभाडं देऊ केलं होतं. अजून तो म्हणतो, तेवढ्यानं काय फरक पडला असता.

मिरचीचा_ठेचा
अहो चारही आली असती तरी चिठ्ठीच

पारावरचा_निवांत
चिठ्ठी तर चिठ्ठी!

शाकाहारी_कार्यकर्ता
माझी तक्रार फक्त जेवणाची. प्रचारात "साधं जेवण" म्हणजे अंडाकरी. मी रोज रस्सा बाजूला करून भात-कांदा खाल्ला, वर आम्ही पडलो. निकालाच्या दिवशी खास माझ्यासाठी पनीर सांगितलं होतं, ते आचाऱ्यानं केलंच नाही.

नवखा_२२
जरा वेगळं विचारतो. काका ग्रामपंचायतीला पडले, आता त्यांना खर्चाचा हिशोब द्यायला सांगतायत. पडल्यावर पण द्यायचा असतो?

खडू_फळा
द्यायचाच. निकालापासून ३० दिवसांत, जिंको वा पडो. बिनविरोध आलेल्यांनाही. नाही दिला तर ५ वर्षं अपात्र. पडलेले "आता कशाला" म्हणून सोडतात आणि पुढच्या वेळी अर्ज छाननीत उडतो. आमच्या तालुक्यात असे बरेच आहेत.

नवखा_२२
बिलं नाहीत सगळी. छपाईचं तर मिळालंच नाही

छापखाना
पैसे दिलेत का त्याला?

नवखा_२२
अर्धे

छापखाना
मग उरलेले घेऊन जा, बिल लगेच मिळेल.

खडू_फळा
आणि तहसीलला दिल्यावर पोच घ्या. शिक्का-सहीसकट. झेरॉक्स काकांच्या फायलीत नको, तुमच्याकडे ठेवा.