नियम सैल केले की फार्मा वाढेल?

काही जण म्हणतात की औषध बनवण्याचे नियम सैल केले तरच आपली फार्मा इंडस्ट्री वाढेल, मला हे अजिबात पटत नाही. अहो १९८६ला मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने १४ पेशंट गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला, आणि २०२५ला छिंदवाड्यात परत तेच विष, ते पण लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात! कारखान्याला लायसन देणार तमिळनाडू, मुलं जाणार मध्य प्रदेशात. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे दर्जाचे नियम, छोट्या कारखान्यांना महाग पडतं हे मान्य, मग त्यांना स्वस्त कर्ज द्या ना, नियम पाळायला नुसती मुदतवाढ कशाला? आफ्रिकेतल्या गांबियात मुलांच्या मृत्यूंशी भारतीय कफ सिरपचा संबंध जोडला गेला, त्या प्रकरणानंतर जून २०२३पासून एक्स्पोर्टच्या कफ सिरपला आधी लॅब टेस्टिंग सक्तीचं केलं, तेव्हाच देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनाही तोच नियम का नाही लावला?