आईला घेऊन कोस्टा रिका: तयारी कुठून सुरू करू?

पार्ल्याची_लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज. मी आणि आई (वय ६६) फेब्रुवारीच्या शेवटी १४ दिवस कोस्टा रिकाला जायचं म्हणतोय. आई गेली कित्येक वर्षं पक्षी बघते, भांडुप पंपिंग स्टेशन, नॅशनल पार्क, शिवडीचे फ्लेमिंगो, उरण सगळं करून झालंय, आणि रिटायर झाल्यापासून तिचं एकच चाललंय, एकदा तो केत्साल पक्षी डोळ्यांनी बघायचाय. गुडघे थोडे कुरकुरतात पण चालते व्यवस्थित, बीपीची गोळी आहे, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

दोघींकडे अमेरिकेचा १० वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे कारण दादा न्यू जर्सीला असतो, पण आईचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे. डोक्यात प्लॅन असा की सॅन होजे, आरेनाल, मॉन्तेव्हेर्दे, मॅन्युएल अँतोनियो, तोर्तुगेरो, केत्सालसाठी सॅन गेरार्दो दे दोता आणि एवढ्या लांब जातोयच तर शेवटी २ दिवस पनामा, कॅनॉल बघायला. व्हिसा वेगळा लागतो का, युरोपमधून जावं की अमेरिकेतून, लसी कुठल्या, खायचं काय, पैसे कसे न्यायचे आणि गाडी भाड्याने घेऊ का (मी रोज वेस्टर्न एक्स्प्रेसवर गाडी चालवते)? दोन एजंटना विचारलं, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली म्हणून इथे विचारतेय.

गिरगाव_ते_जग:

ताई, आम्ही दोघं नवराबायको जाऊन आलोय, त्यामुळे कागदांचं आधी सांगतो कारण सगळी ट्रिप तिथेच अडते. अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा चालू असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसता तर दिल्लीच्या एम्बसीचं प्रकरण होतं. आईंचे दोन्ही पासपोर्ट, जुना आणि नवा, हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवावं लागतं, त्याचा कागदावर प्रिंट न्या. आणि तिथे इमिग्रेशनवाल्याने किती दिवसांचा शिक्का मारला ते काउंटरवरून हलायच्या आधी वाचा.

आता रूट. मुंबईहून डायरेक्ट काही नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी पहिल्या अमेरिकन एअरपोर्टवर इमिग्रेशन करून, सामान स्वतः उचलून परत द्यावं लागतं, त्यामुळे मध्ये निदान ४ तास ठेवा, आईंना व्हीलचेअर असिस्टन्स बुक करा, त्यात संकोच करू नका, लांब लांब चालावं लागतं आणि रांगही असते. युरोपातून एका स्टॉपने फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम असं जाता येतं. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथल्या एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. पण एक गोष्ट नीट बघा, स्वस्त मिळतं म्हणून मुंबई-फ्रँकफर्ट-माद्रिद-सॅन होजे असं युरोपात दोन स्टॉपचं घेतलंत तर फ्रँकफर्ट ते माद्रिद हे त्यांचं आतलं विमान झालं, म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश) शिरलात आणि मग पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. आमच्याबरोबर बोर्डिंगच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यांना याच कारणाने मुंबईतच थांबवलं, लहान मुलं होती बरोबर, अजून ते आठवलं की वाईट वाटतं. सगळं एका तिकिटावर आणि युरोपात एकच स्टॉप.

दवाखान्यातून:

मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करते, म्हणून प्लॅन वाचताना पनामावर थांबले. यलो फीव्हर (डासांमुळे होणारा ताप) असलेल्या देशांची भारताची यादी आहे, त्यात कोस्टा रिका नाही, पनामा आहे. पनामाहून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत तुम्ही मुंबईत उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसेल तर क्वारंटाइन करतात, ६ दिवसांपर्यंत. लस घेऊन लगेच विमानात बसून चालत नाही, सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं (एकदा घेतलं की आता आयुष्यभर चालतं). लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत सहारला एअरपोर्ट हेल्थवाल्यांचं आहे, आधी चौकशी करून जा.

पण खरा मुद्दा तुझ्या आईचं वय. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ६० च्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. खूप कमी लोकांना होतं, पण होतं, म्हणून या वयात डॉक्टरने समोर बसवून हिस्टरी बघून ठरवायचं असतं, फॉर्म भरून टोचून घ्यायची गोष्ट नाही ही. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमसचा (छातीतली एक ग्रंथी) जुना आजार यातलं काही असेल तर ते आधी सांगायलाच हवं. २ दिवसांच्या कॅनॉलसाठी हे अंगावर घ्यावं का, याचा विचार कर. मला विचारशील तर पनामा काढ.

आणि स्वस्त पडतं म्हणून पनामा सिटीत विमान बदलायचं घेतलंस तर एअरपोर्टबाहेर पाऊल टाकू नका. आतच राहिलेल्यांना सूट असते, पण तीसुद्धा इथल्या हेल्थ ऑफिसरने मान्य केली तर.

बाकी तिकडे डेंग्यू असतो, मुंबईकरांना नवीन नाही, पण आपण मुंबईत वरवर घेतो तसं घेऊ नका. डीईईटीवालं रिपेलंट, पूर्ण बाह्या, संध्याकाळी पायमोजे. बीपीच्या गोळ्या १४ दिवसांच्या नव्हे, २५ दिवसांच्या घ्या, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि अर्ध्या हातातल्या बॅगेत. वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, पहिले दोन दिवस गोळी कधी घ्यायची ते निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरकडून लिहून घ्या.

पार्ल्याची_लेक:

डॉक्टर, खूप आभार, वयाचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, एजंट तर म्हणाला होता लस काय, दहा मिनिटांचं काम. आईला दाखवते तुमचा मेसेज.

भांडुपची_पाखरं:

केत्साल म्हटल्यावर राहवलं नाही. काकूंना आधी माझा नमस्कार सांगा!

तुमचा प्लॅन मला फार घाईचा वाटतो. देश महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे म्हणून नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण डोंगर आहेत, रस्ते वळणावळणाचे आहेत आणि दर दोन दिवसांनी बॅग भरायची म्हणजे काकूंचे सकाळचे तास गाडीत जाणार, आणि पक्षी तर सकाळीच दिसतात. मी असतो तर सरळ सॅन गेरार्दो दे दोता ३ रात्री, मॉन्तेव्हेर्दे ३, आरेनाल ३ आणि सुरुवातीला-शेवटाला सॅन होजेजवळ राहिलो असतो. मॅन्युएल अँतोनियोचं तिकीट ऑनलाइनच आधी काढावं लागतं, मंगळवारी बंद, आणि गर्दी असते, ते मी सोडलं. तोर्तुगेरोला रस्ता नाही, बोटीने किंवा छोट्या विमानाने जायचं, आणि हिरव्या कासवांचा अंडी घालायचा सीझन जुलै ते ऑक्टोबर, तुम्ही जाताय त्यात नाही, म्हणून मी तेही सोडलं.

केत्साल रानटी ॲव्होकॅडोच्या झाडांवर येतो, छोटी फळं असतात, ती अख्खी गिळतो आणि नंतर बी ओकून टाकतो. फेब्रुवारीअखेर ते जोड्या जमवायला लागतात, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. पहाटे साडेपाचला गाइडबरोबर निघा, गाइड घ्याच, कारण कुठल्या झाडाला आत्ता फळं आहेत हे त्यालाच माहीत असतं. मी पहिल्या दिवशी स्वतः फिरलो, तीन तासांत काही नाही, दुसऱ्या दिवशी गाइडने वीस मिनिटांत दाखवला, हिरवी लांब शेपटी वाऱ्यावर हलत होती, मी दुर्बीण खाली ठेवून नुसता बघत बसलो. ही जागा २,२०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री १० डिग्रीच्या खाली जातं, मुंबईचं स्वेटर पुरणार नाही, थर्मल आणि कानटोपी न्या. मॉन्तेव्हेर्देला वारा आणि धुकं, तिथे पातळ रेनकोट, छत्री उडते.

गाडीबद्दल माझं मत, नको. तिकडे उजवीकडून चालवतात, स्टीअरिंग डावीकडे, डोंगरात एकेरी पूल लागतात, ज्याच्या बाजूला ‘सेदा एल पासो’ लिहिलंय त्याने थांबायचं. संध्याकाळी सहाला अंधार पडतो. ऑनलाइन जो रेट दिसतो त्यात तिथला सक्तीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा धरलेला नसतो, काउंटरवर आकडा वाढतो. शेअर शटल बुक करा, हॉटेलच्या दारातून नेतात. आरेनाल ते मॉन्तेव्हेर्दे तर तलावातून बोट आणि दोन्हीकडे गाडी असं जाता येतं, तीन-साडेतीन तास, काकूंना पाणपक्षीपण दिसतील.

मुलुंडकर:

खाण्याचं मी सांगतो, आमच्या घरी पण अंडं नाही. ‘सोदा’ म्हणजे तिकडची छोटी खानावळ, तिथे गायो पिंतो म्हणजे भात आणि काळा राजमा परतून, सकाळी हेच खातात, आणि दुपारी कासादो, भात, बीन्स, सॅलड, पिकलेली केळी तळून. चव आपल्याला जुळते. पण ‘कार्ने नको’ म्हटलं तर ते बीफ नको असं समजून चिकन वाढतात, त्यांचा दोष नाही, शब्दाचा अर्थच तसा घेतात. म्हणून पूर्ण म्हणायचं, सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन ह्युएव्हो (म्हणजे बीफ, चिकन, मासे, हॅम, अंडं काही नको). आणि बीन्समध्ये कधी कधी डुकराची चरबी असते, विचारायचं ‘मान्तेका दे सेर्दो?’ हे सगळं एका कार्डावर स्पॅनिशमध्ये लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा.

पैसे: कोलोन (तिकडचं चलन) मुंबईत मिळत नाहीत, डॉलर न्या, सुट्ट्या नोटा, १, ५, १०, २०, फाटक्या-चुरगळलेल्या नको, घेत नाहीत. डॉलरला ५०० च्या आगेमागे कोलोन मिळतात. रेस्टॉरंटच्या बिलात १३ टक्के टॅक्स आणि १० टक्के सर्व्हिस धरलेली असते, परत टिप द्यायलाच हवी असं नाही. प्लग अमेरिकेसारखे चपटे आणि वीज १२० व्होल्ट, मोबाइल चार्जर चालतो पण इथली छोटी किटली नेऊ नका, पाणी तापायला तासभर लागेल. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिता येतं. आणि हो, टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूला डबा असतो, आईंना आधीच सांगून ठेवा. पत्ते रस्त्याच्या नावाने नसतात, चर्चपासून २०० मीटर उत्तरेला असं सांगतात, १०० मीटर म्हणजे एक गल्ली धरा. हॉटेलचं लोकेशन मोबाइलवर ऑफलाइन सेव्ह करून ठेवा.

पार्ल्याची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला रात्री सगळं वाचून दाखवलं. पनामा तिनेच काढलं, म्हणाली कॅनॉल फोटोत बघते, ते दोन दिवस सॅन गेरार्दोला दे, म्हणजे तिथे आता ५ रात्री. तोर्तुगेरो आणि मॅन्युएल अँतोनियो गेलं. गाडी नाही घेत. उद्या बीपीच्या गोळ्यांचं वेळापत्रक विचारायला डॉक्टरांकडे नेतेय आणि शनिवारी दादरला थर्मल बघायला जाऊ. मुलुंडकर दादा, आई विचारतेय मेतकूट नेता येईल का, भातावर घालायला?

मुलुंडकर:

न्या की. कोरडं आहे, काही अडचण नाही. सीलबंद पाकीट घ्या, घरच्या डब्यातलं सुटं नको, आणि एअरपोर्टवर कोणी विचारलं तर सरळ सांगा काय आहे ते. ताजी फळं मात्र विमानातच संपवा, कढीपत्ता वगैरे अजिबात नको.

भांडुपची_पाखरं:

५ रात्री! काकूंना सांगा, दुर्बिणीच्या काचा पुसायला कापड जास्तीचं न्या, धुक्याने सारख्या ओल्या होतात.